दूध तपासणीची काचेची मापे व त्यांची निगा

दुधाची किंमत आता केवळ मापावर नव्हे तर कसावर ठरते, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. गाईच्या दुधाचा दर ३.५ स्निग्धांश व ८.५ स्निग्धेतर घन पदार्थ हे प्रमाण धरून ठरवावयाचा, आणि दूध त्याहून उणे अथवा अधिक निघाल्यास रेघेरेघेस पैसे कापावयाचे किंवा वाढवावयाचे, ही रीत आता रूढ झाली आहे. म्हशीच्या दुधाचा तर सारा हिशेबच फॅटवर चालतो. दर किती असावा यावर सभा होतात, मोर्चे निघतात, वर्तमानपत्रांतून रकाने भरतात. आणि ते योग्यच आहे. परंतु हा कस ज्या काचेच्या नळ्यांनी काढावयाचा त्या नळ्या कोण धुतो, कशाने धुतो, आणि धुतल्यावर त्या खरोखर स्वच्छ झाल्या किंवा नाही हे कोण पाहतो, याची चौकशी करणारा सभासद क्वचितच आढळतो. यास्तव या विषयासंबंधी थोडी उपयुक्त माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीवर गेली. तेथे मोजणीचे जुने कागद नित्य हाताखालून जात. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा, हा हिशेब जुन्या शेतकऱ्यांस तोंडपाठ असे. ती साखळी वर्षानुवर्षे ओढून तिच्या कड्या ताणत आणि माप लांबत असे. म्हणून ती वेळोवेळी पक्क्या मापाशी ताडून पाहावी लागे. साखळी एक इंचाने लांबली तर गुंठ्यामागे सुमारे साडेपाच चौरस फुटांची तफावत पडे. काचेचे माप ओढल्याने लांबत नाही हे खरे. पण ते मळले की खोटे होते, आणि साखळीची ताणलेली कडी जशी डोळ्यांस दिसे तसा काचेवरील मळ दिसत नाही. वरवर पाहता नळी लखलखीत असते आणि तरीही माप चुकीचे देते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम ही तपासणी कशी होते ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

आपल्याकडील डेअऱ्यांतून जी तपासणी चालते ती स्वित्झर्लंडचा रसायनज्ञ निक्लाउस गर्बर याने १८९१ साली काढली. तिच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे स्टीफन बॅबकॉक याने याच धर्तीची दुसरी रीत काढली होती. तत्पूर्वी केवळ वजनावर अगर मापावर पैसे मिळत असल्यामुळे दुधात पाणी घालणारा आणि न घालणारा या दोघांस एकच भाव पडे. गर्बरच्या रीतीत ब्यूटिरोमीटर नावाच्या बारीक मानेच्या नळीत प्रथम १० मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घालतात, त्यावर पिपेटने १०.७५ मिलिलिटर दूध अलगद सोडतात, आणि शेवटी १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून बूच बसवितात. नळी हलविली म्हणजे अम्लाने दुधातील प्रथिने विरघळतात आणि नळी हातास चटका बसेल इतकी तापते. मग ती यंत्रात गरगर फिरविली म्हणजे हलका स्निग्धांश वेगळा होऊन मानेत येतो. पुढे नळी ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात काही मिनिटे ठेवून मानेवरील रेघा वाचावयाच्या.

आता या मापांतील बारकावा पाहा. ब्यूटिरोमीटरच्या मानेवर एका टक्क्याची जी जागा असते तीत केवळ ०.१२५ मिलिलिटर, म्हणजे एक अष्टमांश मिलिलिटर, स्निग्ध द्रव मावतो. त्या टक्क्याचे पुन्हा दहा भाग केलेले असतात. म्हणजे एका बारीक रेघेची जागा ०.०१२५ मिलिलिटर झाली. पाण्याचा एक सर्वसाधारण थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा धरतात. त्या मानाने पाव थेंब तूप म्हणजे एक रेघ! आधीच्या नमुन्याचा पाव थेंब स्निग्धांश मानेत चिकटून राहिला, तर तो पुढच्या सभासदाच्या दुधात मिळून त्याची फॅट ६.९ ऐवजी ७.० दाखवील. उलट पिपेटच्या आतल्या अंगास तेलकट थर असेल तर दूध सबंध खाली न येता थेंबाथेंबाने काचेस धरून राहील. असे तीन थेंब राहिले की १०.७५ पैकी ०.१५ मिलिलिटर दूध तपासणीस गेलेच नाही, आणि ७.० फॅटचे दूध ६.९ निघाले. समजा, म्हशीच्या दुधास फॅटच्या दर टक्क्यामागे ८ रुपये पडतात. एका रेघेचे लिटरमागे ८० पैसे झाले. रोज १० लिटर दूध घालणाऱ्याचे महिन्यास २४० रुपये झाले. हे पैसे कोणी चोरले असे नाही. एकाच्या पिपेटात ते अडकले आणि दुसऱ्यास शेजाऱ्याच्या नळीतून फुकट मिळाले. पण ज्याचे गेले त्याच्या मनात संशय येतो तो मात्र तपासणाऱ्या माणसाचाच.

आमच्या भागातील एका संस्थेत, जिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, एका सभासदाने एकाच चरवीतील दूध ढवळून दोघां भावांच्या नावे दोन भांड्यांतून दिले. एकाची फॅट ६.८ आली, दुसऱ्याची ७.२. चार रेघांचा फरक पाहून गलका झाला, तपासनिसाच्या प्रामाणिकपणावर नको तेवढे बोलणे झाले, आणि तो गरीब माणूस नोकरी सोडण्याच्या बेतास आला. पुढे संघाच्या मनुष्याने येऊन नळ्या उजेडासमोर धरल्या तेव्हा काही नळ्यांच्या मानेत जुन्या स्निग्धांशाचे बारीक कडे धरलेले आढळले. नळ्या धुतल्या जात होत्या. पण रात्री उशिरा, गार झाल्यावर, आणि थंड पाण्याने. तूप गोठल्यावर थंड पाण्याने तांब्या विसळून पाहावा, म्हणजे त्या नळ्यांचे काय होत असेल ते घरच्या मंडळींस सांगावे लागणार नाही.

काच स्वच्छ आहे हे ओळखावयाचे कसे? याची खूण एकच आणि अगदी सोपी आहे. धुतलेल्या नळीत स्वच्छ पाणी भरून ते ओतून टाकावे. काच खरोखर निर्मळ असेल तर पाण्याचा पातळ, अखंड पडदा तिच्या अंगावरून सरळ खाली सरकतो. काचेस तेलकटपणा असेल तेथे तो पडदा फाटतो, आणि अळवाच्या पानावर उभे राहते तसे पाणी थेंब होऊन उभे राहते. जेथे थेंब, तेथे मळ. पिपेटवरील खूण कोरताना काच निर्मळ आहे आणि द्रव तिच्या अंगास सारखा लागून खाली उतरतो आहे हे गृहीत धरलेले असते. नळी रिकामी केल्यावर आत जो पातळ ओलावा राहतो तोही त्या हिशेबात धरलेला असतो. म्हणून ती खूण निर्मळ काचेपुरतीच खरी. मळक्या काचेवर तीच खूण खोटी ठरते. याच कारणाने पिपेट रिकामे करताना त्याचे टोक भांड्याच्या कडेस टेकवून द्रव आपोआप उतरू द्यावा, आणि टोकाशी जो शेवटचा थेंब राहतो तो फुंकून पाडू नये. मात्र ज्या पिपेटावर फुंकण्याची खूण दिलेली असेल ते त्यास अपवाद.

आता धुण्याकडे वळू. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे की पिपेट आणि ब्यूटिरोमीटर यांच्या धुण्याची रीत एकमेकांच्या उलट आहे, आणि पुष्कळ ठिकाणी घोटाळा येथेच होतो.

पिपेटात निखालस दूध असते. त्यावर प्रथमच कढत पाणी घातले तर दुधातील प्रथिने उष्णतेने आळतात आणि काचेस डकतात. दुधाच्या पातेल्यास तळाशी धरलेली साय-खरवड किती चिवट असते ते आपण पाहतोच. म्हणून पिपेट वापरून झाल्याबरोबर, दूध सुकण्यापूर्वी, साध्या थंड अथवा किंचित कोमट पाण्याने दोन-तीनदा विसळावे. लगेच सवड नसेल तर उंच भांड्यात पाणी भरून त्यात ते बुडवून ठेवावे. सुकू मात्र देऊ नये. त्यानंतर कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा अथवा भांडी धुण्याचे सौम्य द्रावण घालून ते पाणी पिपेटात रबरी फुग्याने वर ओढावे व सोडावे. असे चार-पाच वेळा करावे. मग साध्या पाण्याने इतके धुवावे की फेसाचा लवलेश राहू नये, कारण साबणाचा अंश राहिला तर तोही द्रवाच्या उतरण्याची रीत बदलतो. शेवटी एकदा शुद्ध पाण्याने विसळावे. शुद्ध पाणी कोठून आणावे अशी अडचण सांगतात; परंतु मोटारीच्या बॅटरीत घालावयाचे पाणी आता तालुक्याच्या गावी सहज मिळते, आणि पावसाळ्यात प्रारंभीच्या सरी जाऊ देऊन मोकळ्या जागी स्वच्छ भांड्यात धरलेले पाणीही चालते.

सोड्याच्या पाण्याने न निघणारा एक मळ असतो. तो पांढुरका, खरबरीत, वाळल्यावर धुके धरल्यासारखा दिसतो. त्यास दोन कारणे. दुधातील चुन्याचे क्षार हळूहळू काचेवर बसून त्यांचा दगडासारखा थर होतो. आणि ज्या गावी विहिरीचे पाणी जड असते तेथे पाण्यातले क्षारही त्यात भर घालतात. साबण कितीही लावला तरी हा थर हलत नाही, कारण तो तेलकट मळ नव्हेच. त्यास आंबट पदार्थ पाहिजे. बाजारात लिंबूफूल म्हणून जे मिळते त्याचे अथवा शिरक्याचे कोमट पाणी करून नळी त्यात तास-दोन तास बुडवून ठेवावी. थर सुटून येतो. पुढे पुष्कळ पाण्याने धुवावे. आठवड्यातून एकदा हे केले तर थर धरतच नाही.

ब्यूटिरोमीटरचे याच्या उलट. त्यातील प्रथिने अम्लाने आधीच विरघळलेली असतात, ती आळण्याचे भय नाही. भय आहे ते तूप गोठण्याचे. म्हणून वाचन संपताच, नळी गरम असतानाच, ती हलवून रिकामी करावी आणि लगेच गरम पाण्याने, एकदा नव्हे तर दोन-तीनदा, जोराने हलवून धुवावी. मग सोड्याच्या गरम पाण्याने व नळीजोग्या बारीक मऊ ब्रशाने मान घासावी, आणि पुन्हा गरम पाण्याने. अम्ल फार तीव्र असले तर मानेत काळसर कोळशाचे कण, आणि फार सौम्य असले तर पांढरट गोळे अडकतात. ते एकदा सुकले की ब्रशालाही दाद देत नाहीत. धुतलेली नळी भोके पाडलेल्या लाकडी घोडीवर तोंड खाली करून निथळत ठेवावी व पूर्ण सुकू द्यावी, कारण आत राहिलेले पाणी अम्लाची ठरविलेली तीव्रता कमी करते. पिपेटास मात्र सुकविण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ज्या नमुन्याचे दूध मापावयाचे त्याच दुधाने ते एकदा विसळून ते दूध टाकून द्यावे, आणि मग खुणेपर्यंत भरावे. असे प्रत्येक नमुन्यास करावे. नाही तर आधीच्याचे दूध पुढच्याच्या हिशेबात जाते.

रबरी बुचांकडे कोणी पाहतच नाही. बुचाच्या भेगांत तूप मुरते आणि तडकलेल्या बुचातून तपासणीच्या वेळी अम्ल गळून माणसाचा हात भाजतो. बूचही नळीबरोबरच गरम सोड्याच्या पाण्यात धुवावे, आणि त्यास चिरा पडल्या की टाकून द्यावे. त्यात कसर करण्यासारखे काही नाही.

नळ्यांतून निघालेल्या अम्लाचे काय करावयाचे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान नाही. एका संस्थेत सकाळ-संध्याकाळ मिळून १०० नमुने झाले तर रोज एक लिटर तीव्र गंधकाम्ल बाहेर पडते. ते संस्थेच्या मागच्या नालीत सोडले आणि ती नाली कोणाच्या विहिरीकडे अथवा वाफ्याकडे गेली म्हणजे काय होते हे सांगणे नको. त्यासाठी जाड प्लास्टिकचा मोठा डबा अर्ध्याहून अधिक पाण्याने भरून ठेवावा आणि नळ्या त्या पाण्यात हळूहळू रिकाम्या कराव्या. ॲसिड नेहमी पाण्यात घालावे. ॲसिडात पाणी कधीही घालू नये, कारण तसे केल्यास ते उसळून अंगावर येते. डबा निवाल्यावर त्यात विझविलेला चुना थोडा थोडा घालून ढवळावे. एक लिटर अम्लास सुमारे सव्वा किलो शुद्ध चुना लागतो, बाजारी चुना थोडा अधिक. हे काम करणाऱ्याने डोळ्यांस चष्मा व हातांत रबरी मोजे घातलेच पाहिजेत, आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली भरलेली असावी. अम्ल मापताना ते तोंडाने ओढण्याची तर कल्पनाही करू नये. त्यासाठी कलते करून ठराविक माप देणारी बाटली मिळते. दूधही तोंडाने ओढण्याची सवय सोडावी. कच्च्या दुधातून माणसास जडणारे रोग आहेत, आणि रबरी फुगा काही फार महाग नाही.

आता काय करू नये ते. आमच्या घरांतून कंदिलाची काच राखेने घासून लख्ख करण्याची चाल होती. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच त्या राखेने वर्षानुवर्षे उजळत आली, आणि तिचे काही बिघडले नाही, कारण तिला मापावयाचे काही नव्हते. तोच प्रकार पिपेटावर केला तर काचेवर बारीक ओरखडे पडतात, त्यांत मळ धरतो, आणि वरच्या रेघा व आकडे झिजून जातात. राख, वाळू, विटेची पूड, लोखंडी तारेची घासणी, यांपैकी काहीही काचेच्या मापास लावू नये. ब्रशाच्या टोकाची उघडी तारसुद्धा नळीच्या तळास ओरखडते. तीवर रबराची टोपी असावी. कॉस्टिक सोड्याचे तीव्र व कढत द्रावण काचेसच खाते, म्हणून त्यात मापाची काच भिजत घालू नये. ज्या मापाच्या आतला पृष्ठभाग खाल्ला गेला ते माप वाढले असे समजावे.

जुन्या प्रयोगशाळांच्या पुस्तकांतून काच धुण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट व गंधकाम्ल यांचे तांबूस-पिंगट मिश्रण सांगितलेले असे. ते काच उत्तम धुते यात संशय नाही. परंतु त्यातील क्रोमियम अत्यंत विषारी असून त्यापासून कर्करोग होतो हे आता निश्चित झाले आहे, आणि मातीत किंवा पाण्यात गेल्यास तेथेही त्याचा उपद्रव होतो. अद्यापही एखादा जुना माणूस ते करण्यास सांगतो. त्याचे ऐकू नये. दूध तपासणीच्या मळास सोडा व लिंबूफूल ही दोन पुरेशी आहेत.

मापाची काच आगीवर अगर भट्टीत सुकवू नये, असाही एक जुना नियम आहे. उष्णतेने काच फुगते व निवल्यावर पूर्वस्थितीस तंतोतंत येईलच असे नाही, हे त्याचे कारण. जर्मनीत येना येथे ऑटो शॉट याने गेल्याच्या आदल्या शतकाच्या अखेरीस बोरोसिलिकेट काच काढली आणि अमेरिकेत १९१५ साली पायरेक्स या नावाने ती बाजारात आली, तेव्हापासून या भयाचे बरेच निवारण झाले. त्या काचेवर साधारण उष्णतेचा परिणाम अगदी नगण्य होतो. तथापि सगळीच नळी त्या काचेची असते असे नव्हे, आणि गरम नळी थंड फरशीवर ठेवली की साधी काच तडकते. घोडीवर आपोआप सुकत असता भट्टीचा खटाटोप कशास?

लॅक्टोमीटरविषयी थोडक्यात. त्याच्या दांडीवर तेलकट बोट लागले तरी दूध दांडीस नीट भिडत नाही व वाचन चुकते. म्हणून ते दांडीच्या अगदी वरच्या टोकास धरावे, प्रत्येक नमुन्यानंतर कोमट पाण्याने धुऊन मऊ फडक्याने पुसावे. कढत पाण्यात मात्र घालू नये, कारण आतील कागदाची पट्टी सुटून खाली सरकली की ते उपकरण निकामी झाले, आणि ते निकामी झाल्याचे बाहेरून कळतही नाही. पट्टीच्या वरच्या टोकाची जागा काचेवर एका बारीक रेघेने खुणून ठेवावी. दूध अपारदर्शक असल्यामुळे दांडीलगतची त्याची खालची कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचावयाची रीत आहे. ब्यूटिरोमीटरच्या मानेत स्निग्धांश पारदर्शक असल्याने तेथे वरच्या वळणाचा खालचा तळ वाचावयाचा. दोहोंकडे डोळा रेघेच्या अगदी समपातळीत पाहिजे. उभ्याने वरून पाहणाऱ्यास एक आकडा दिसतो आणि बसून पाहणाऱ्यास दुसरा.

माप विकत घेताना त्यावरील अक्षरे वाचावी. काही काचमापे आत मावणारे माप दाखवितात, तर काही बाहेर येणारे. पिपेट हे दुसऱ्या जातीचे असते. ए आणि बी असे दोन वर्गही असतात. १० मिलिलिटरच्या पिपेटास ए वर्गात ०.०२ मिलिलिटरची आणि बी वर्गात ०.०४ मिलिलिटरची चूक क्षम्य मानतात. युरोपातील मापे २० अंश उष्णतेस धरून खुणविलेली असतात, आपल्या देशात २७ अंश प्रमाण मानतात. टोक किंचितही फुटलेले पिपेट वापरू नये. त्यातून द्रव भरभर उतरतो आणि आत राहणारा ओलावा बदलतो. फुटके टोक दगडावर घासून सारखे केलेले पिपेट प्रस्तुत लेखकाने एका ठिकाणी पाहिले आहे. ते पाहून मापट्याचा काठ कापून ते पुन्हा धान्य मापावयास घेणाऱ्या वाण्याची आठवण झाली.

पिपेट खरे की खोटे याची पारख गावातही करता येते. सोनाराकडे आता ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखविणारे काटे आहेत. दुपारच्या वेळी शुद्ध पाणी घेऊन ते खोलीच्या उष्णतेस येऊ द्यावे. झाकणाची लहान कोरडी बाटली तोलावी, पिपेट खुणेपर्यंत भरून त्यातील पाणी तीत सोडावे, पुन्हा तोलावे. २७ अंशास १०.७५ मिलिलिटर पाण्याचे हवेत वजन सुमारे १०.७० ग्रॅम भरते. असे दहा वेळा करून सरासरी काढावी. मग तेच एका नव्या कोऱ्या, निर्मळ धुतलेल्या पिपेटाने करावे आणि दोन सरासऱ्या ताडून पाहाव्या. जुन्याचे वजन नव्याहून सातत्याने कमी भरत असेल तर प्रथम ते वर सांगितल्याप्रमाणे धुवावे आणि पुन्हा तोलावे. पुष्कळदा धुण्यानेच फरक नाहीसा होतो, आणि तेव्हा सभासदांचे किती दूध आतापर्यंत काचेस चिकटून राहिले ते ध्यानात येते. धुऊनही फरक राहिला तर ते पिपेट मोडून टाकावे. कपाटात ठेवू नये, नाही तर गर्दीच्या दिवशी कोणी तरी ते पुन्हा काढतो.

यासाठी संस्थेस खर्च किती? सोडा, लिंबूफूल, चार ब्रश, एक घोडी, दोन जादा पिपेटे, डझनभर बुचे. त्याहून महत्त्वाचा तो माणसाचा वेळ. नळ्या धुणाऱ्यास बहुधा इतर सर्व कामे आटोपल्यावर, पगारात न धरलेले काम म्हणून, नळ्या धुवावयास सांगतात. गाडी निघून गेली, दप्तर लिहून झाले, आणि मग अर्धवट झोपेत तो नळ्या पाण्यातून काढतो. नळ्या गरम असतानाच धुतल्या जाव्यात अशी इच्छा असेल तर वाचन करणारा एक आणि लगेच धुणारा दुसरा, अशी योजना पंच मंडळाने केली पाहिजे, व दुसऱ्याच्या कामाचा मोबदला दिला पाहिजे. वार्षिक सभेत या खर्चास हरकत घेणारे सभासद निघतात, म्हणून वरील २४० रुपयांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा. तसेच आठवड्यातून एक वार ठरवून एकाच दुधाचे दोन नमुने दोन नळ्यांतून काढावे आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहावे. सभासद रोज फळा वाचतात. दोन आकडे जुळलेले दिसले तर तपासनिसाची बाजू त्यास एक शब्दही न बोलता राखली जाते.

आता पुष्कळ संस्थांतून विजेवर चालणारी यंत्रे आली असून ती अर्ध्या-एक मिनिटात फॅट व घन पदार्थ दोन्ही दाखवितात, तेव्हा या नळ्यांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या यंत्राचा आकडा बरोबर आहे किंवा नाही हे ठरवावयाचे तर गर्बरच्या नळीशीच तो ताडून पाहावा लागतो, आणि ती नळी मळकी असेल तर यंत्रही त्या मळक्या आकड्यास जुळवून घेतले जाते. मग चूक एका नमुन्याची न राहता दररोजच्या सर्व नमुन्यांची होते. शिवाय त्या यंत्राच्या पोटातही दूध जाण्याची बारीक नळी असते, तीतही तूप व क्षार धरतात, आणि ती रोज व आठवड्यास कोणत्या द्रावणाने धुवावी हे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका बहुतेक ठिकाणी कपाटाच्या तळाशी असते. ती काढून, धुण्याचे पान मराठीत लिहून यंत्राजवळच्या भिंतीवर चिकटवावे, आणि यंत्र ताडून पाहण्यापुरती निदान सहा ब्यूटिरोमीटर व दोन पिपेटे निराळ्या पेटीत, कापसात गुंडाळून, धुऊन ठेवावी.